तिसरी हाक

दिवाकरकाकांचं आणि माझं शेवटचं बोलणं थर्मासवरून झालं. "झाकण नीट लागत नाहीये, आडवा ठेवू नकोस," असं बजावून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि नेहमीप्रमाणे ते बांधाच्या त्या टोकाला, शिरीषाखालच्या बाकावर जाऊन बसले. मी वळणापलीकडे माझ्या जागी. मध्ये दाट धुकं. बऱ्याच वेळाने त्या धुक्यातून हाक आली... "वर्षा..." मग जरा थांबून दुसरी. मी मिटल्या डोळ्यांनीच हसले आणि तिसरीची वाट पाहत राहिले. ती आलीच नाही.

शेवटी उठून गेले, तर काका बाकाला टेकून पाण्याकडे बघत बसले होते. हात गार पडलेले. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "बसल्या बसल्या गेलेत. बराच वेळ झालाय, तिथे पोचल्या पोचल्याच झालं असावं." मी म्हटलं, "पण त्यांनी मला आत्ता हाक मारली." डॉक्टरांनी मला बसायला खुर्ची दिली.

मी मूळची सेलूची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नोकरी लागली ती थेट कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. सगळं गाव कौतुक करत होतं आणि इथे मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं की पाठ केलेलं वाक्यही मला आठवायचं नाही. झोप उडाली होती. इथल्या मोजक्या मराठी घरांपैकी एकात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तेव्हा तिळगूळ घेतानाही मी दोनदा ऑफिसचा फोन बघितला. ते घर मालतीकाकूंचं. त्यांचे यजमान दिवाकरकाका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. दारात मी चप्पल घालत होते, तेव्हा काकांनी विचारलं, "रविवारी सकाळी मोकळी आहेस का? फोन घरी ठेवून ये."

सेक्टर फाइव्हच्या काचेच्या इमारती संपतात, तिथे मासे पाळायची मोठमोठी तळी सुरू होतात. इथे त्यांना भेरी म्हणतात. त्यातल्या एका तळ्याच्या बांधावर काका वर्षानुवर्षं येत होते. मी विचारलं, "इथे काय करायचं?" ते म्हणाले, "काहीच नाही. तेच तुला येत नाही." पहिले काही रविवार मी नुसती डास मारत बसले. मग कधीतरी पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला दिसला, जलपर्णीवरून ढोकरी पाय उचलून चालताना दिसली, आणि घरी परतताना लक्षात आलं की सकाळपासून आपण ऑफिसचा विचारच केला नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडं गुरं राखायला गेल्यावर बसतात तसं?" मी म्हटलं, "हो, अगदी तसंच." "मग त्याला एवढं शिकायला कशाला लागतंय?" यावर काका खूप हसले होते. "आईंना सांग, मलाही निवृत्त होईपर्यंत जमलं नव्हतं."

धुक्यात एकमेकांना दिसायचो नाही, म्हणून निघायची वेळ झाली की काका हाक मारायचे. तीनदा. इथल्या लोकांत एक समजूत आहे. रात्री निशी येते, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि जो ओ देईल त्याला पाण्याकडे घेऊन जाते. पण तिला दोनदाच हाक मारता येते. काकांना हे ऑफिसातल्या बंगाली मित्रांनी सांगितलेलं. "धुक्यात सकाळ काय नि रात्र काय," ते म्हणायचे, "तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. पहिल्या दोन माझ्या नाहीत असंच समज." काकू म्हणायच्या, "घरात माझ्या दहाव्या हाकेलाही ओ देत नाहीत, त्यांना कुठली निशी नेणार!"

काका गेल्यावर मी तळ्यावर जाणं बंद केलं. त्या दोन हाका मी कोणालाच पुन्हा सांगितल्या नाहीत, काकूंनाही नाही. झोप परत उडाली. मीटिंगमध्ये पुन्हा शब्द सुचेनासे झाले, तेव्हा पूर्वीसारखं तळ्याचं पाणी डोळ्यांसमोर आणायला जायचे, तर पाण्याआधी धुकं यायचं आणि धुक्यातून तो आवाज. हाकेची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही की, आता आपल्याला पाण्याकाठी कधीच शांत बसता येणार नाही. काकांनी मला दिलेलं तेवढं एकच होतं, आणि तेच त्यांच्याबरोबर गेलं...

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "मला ती जागा दाखव गं. इतकी वर्षं नुसता चहा भरून देत आले, एकदा गेले नाही." नाही कसं म्हणणार? रविवारी आम्ही दोघी गेलो. धुकं होतंच. काकू बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तू तुझ्या जागी जा. ते बसायचे तसं बसायचंय मला." मी वळणापलीकडे गेले. समोर जलपर्णी संथ हलत होती, वारा तर नव्हता. कुठेतरी पाण्यात काहीतरी बुडालं आणि वर आलं नाही. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. हळूहळू श्वास शांत झाला.

तेवढ्यात हाक आली. "वर्षा..." मी हलले नाही. जरा थांबून दुसरी. मी मुठी आवळून बसले. आणि मग, "वर्षा, चल गं, चहा गार होतोय!"

मी जवळजवळ धावतच बाकापाशी आले. काकू थर्मासचं झाकण फडक्याने घट्ट धरून फिरवत होत्या. तेच झाकण. मी विचारलं, "काकू, किती वेळा हाक मारलीत?"

"एकदाच. का गं?"

"काही नाही," म्हटलं. आणि धुक्याकडे तोंड करून ओ दिली.