हयातीचा दाखला आणि केंद्रवाले काका

सरकारचा इतका मान ठेवणारा माणूस मी खुद्द सरकारी कचेरीतही पाहिलेला नाही. औंढा नागनाथच्या पलीकडे, डोंगरातल्या एका तांड्यावर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळेला लागून पत्र्याच्या खोलीत काकांचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीक विमा, सगळं तिथल्या संगणकातून येतं आणि त्या संगणकासमोर काका चपला काढून बसतात. सकाळी लॉगिनसाठी स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो, म्हणून अंगात इस्त्रीचा सदरा आणि डोक्याला फेटा. खाली लुंगी चालते, कारण तितकं खाली सरकार पाहत नाही, असा त्यांचा हिशेब. भाकरी खायला बसले की कॅमेऱ्यावर रुमाल टाकतात. सर्व्हर बंद पडला असं त्यांच्या खोलीत कोणी म्हणायचं नाही. साहेब जेवायला गेले म्हणायचं. एकदा हे जेवण दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चाललं, तरी बाहेर ताटकळलेल्या माणसांना काकांनी कुरकुर करू दिली नाही. मला हसू यायचं आणि चीडही यायची. इतकं वाकायचं कशाला, असं मी एकदा बोलून गेलो. काका शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आमी हाव एवढं सांगायला माझा बाप कचेरीच्या पायरीवर बसून राह्यचा. आता कचेरी दारात आली. मान काहून नको?"

लॉगिन उघडलेला फोन ते पोटच्या पोराच्याही हाती देत नाहीत. सरकारनं आपलं तोंड पाहून दार उघडलं, तिथं दुसऱ्याला कसं घुसवायचं, हा त्यांचा सवाल. आणि सरकारच्याही आधीचा एक नियम ते तितक्याच कडकपणे पाळतात. दोन घरं सोडून त्यांच्या धाकट्या भावाची विधवा राहते. तांड्यावर सून थोरल्या दिरासमोर घुंगट वर करत नाही, त्याच्याशी बोलत नाही. ती वाटेत दिसली की काका खाकरतात आणि भिंतीकडे तोंड करतात. ती लग्न होऊन आली तेव्हापासून काकांनी तिचा चेहरा पाहिलेला नाही.

हे दोन्ही नियम एका वर्षी समोरासमोर आले. ही भावजय आता म्हातारी झाली, एकटी चूल मांडते, कोणाच्या घरचं खात नाही, आणि ती चूल सरकारच्या निराधार योजनेच्या पगारावर चालते. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. शेतात राबून बोटं इतकी झिजली की यंत्र तिचा अंगठा घेईना, आणि पगार थांबला. मग चेहरा दाखवून दाखला मिळण्याची सोय आली. पण दाखवायचा कोणाला, तर काकांच्या फोनला. औंढ्याच्या केंद्रावर न्यावं तर तिचे गुडघे रिक्षात चढू देत नाहीत. मी म्हटलं, फोन मला द्या, तुम्ही बाहेर थांबा. तर नाही. बरं, तिच्याकडे नका पाहू, फोनात पाहा. "फोनात पाह्यलं तरी पाह्यलंच की," काका म्हणाले. मग मात्र माझं डोकं फिरलं. तुमच्या मर्यादेपायी ती कागदावर मरेल, असं मी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधून ते तिच्या अंगणात गेले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. फोनचा हात खांद्यावरून मागे धरला. माझा तिला संकोच नव्हता, मी पोराबाळांचा गुरुजी. मी बाजूला उभा राहून सांगू लागलो, वर घ्या, जरा डावीकडे. डोळ्यांची उघडझाप करा, असं फोन म्हणाला की काका समोरच्या भिंतीला ऐकवत, "गुरुजी, त्यांना म्हना, डोळे मिटा." मी म्हणायचो, ती मिटायची. कितीदा तरी फसलं. काकांनी दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिला, पण फोन सोडला नाही. शेवटी हिरवी खूण आली. फोनवर आता तिचा फोटो होता, म्हणून अर्ज पाठवायचं बटण त्यांनी डोळे घट्ट मिटून दाबलं. बोट कुठे ठेवायचं ते मी सांगितलं. पगार सुरू झाला आणि पुढे दरवर्षी आम्ही असंच करत आलो.

यंदा काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितलं. काका म्हणाले, आधी हयातीचं होऊ द्या. ते अंगणात आले आणि चक्क तिच्यासमोर तोंड करून बसले. तिनं घुंगट घट्ट धरला. तेव्हा ते पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलले. "बाई, हातातल्या फोनातबी मला निस्तं धुकं दिसून राह्यलं. तुमी निवांत बसा."

मग तिनं स्वतःच घुंगट वर केला. पहिल्याच खेपेला हिरवी खूण आली. झालं, असं मी म्हणालो. काकांनी फोन खिशात ठेवला, पण ते उठले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "गुरुजी, लई थकली का हो ती?"

तिच्या तोंडावर सुरकुतीला जागा उरलेली नव्हती. नाही, आहे तशीच आहे, असं मी सांगितलं. तिनं ते ऐकलं. तिचे डोळे भरून आले, तरी तिनं घुंगट खाली ओढला नाही. शस्त्रक्रिया झाली की काकांना लख्ख दिसेल, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा पाठ करून बसतील. हे तिलाही कळत असावं. ती त्यांच्याकडे पाहत होती.