जावेचं बिल

एकोणतीस वर्षांत श्यामलाच्या हाताखालून किती टेलिफोन गेले, ते तिला सांगता येणार नाही. पण त्यातले किती तिने परत पाठवले, ते विचारा, महिन्यासकट सांगेल. सरकारी टेलिफोन कारखान्यात ती तपासणी खात्यात होती. बसवनगुडीतून पहाटे कारखान्याची बस धरायची, बाकावर बसायचं, डायल फिरवून सोडायची आणि कान लावायचा. डायल कुर्रकन् एका दमात माघारी आली तर पास. मध्ये कुठे अडखळली, तर लाल चिठ्ठी. मोठमोठे इंजिनियर तिच्या बाकाशी येऊन म्हणायचे, "श्यामलाक्का, स्वल्प अड्जस्ट करा ना." ही मान वर न करता म्हणायची, "आवाज अड्जस्ट होत नाही, सर."

त्या खात्याचा एक दंडक होता. खराब नग नुसता परत पाठवायचा नाही. त्याच्या शेजारी एक चांगला नग ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याने वाद घालायला नको. हा असा आहे, आणि हा असा हवा. संपलं.

श्यामलाचं दुखणं असं, की घरातही तिच्या शेजारी जन्मभर कुणीतरी एक चांगला नग ठेवलेलाच होता. तिची धाकटी जाऊ, कल्पना.

कल्पना चार वर्षांनी मागून आली. आली आणि पहिल्याच आठवड्यात सासरे आप्पाजी तिच्या हातच्या हुळीला, म्हणजे आंबट सांबाराला, "वा" म्हणाले. श्यामलाने चार वर्षं त्याच चिंचेची, त्याच डाळीची हुळी केली होती, आणि आप्पाजी वाटी निमूट रिकामी करून उठायचे. पुढे कल्पना आणि तिचा नवरा हरी जयनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. तिच्या गॅलरीतल्या कुंडीत कढीलिंब असा माजला की शेजारपाजार पुरवून उरावा. श्यामलाच्या अंगणात, जमिनीत, शेणखत घालून लावलेला मात्र दोनदा जळला. कल्पनेला ऑटोवाला हात दाखवताच थांबतो आणि मीटरने नेतो. श्यामलाला बघितलं की तोच ऑटोवाला मीटरवर तीस मागतो. कल्पनेने कधी तोरा तरी मिरवला असता, तर एकदा कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं. पण ती आपली भोळी. "अक्का, तुमच्याकडे कढीलिंब नाही? मी आणते की!" आणि पिशवी भरून आणायची. त्या पिशवीतली पानं फोडणीत तडतडली की श्यामलाला वाटायचं, आपलंच काळीज तडतडतंय.

एकाच गोष्टीत दोघी बरोबरीच्या होत्या. बावीस वर्षांपूर्वी आप्पाजींनी गांधीबझारातल्या दुकानातून एकाच दिवशी दोन मोबाइल कनेक्शनं घेतली. मोठीला एक, धाकटीला एक. नंबर पाठोपाठचे, शेवटचा आकडा तेवढा निराळा, हिचा एक, तिचा दोन. "दोघींना सारखं दिलंय," आप्पाजी म्हणाले, "मागनं बोलायचं नाही." कंपनी तीच, प्लॅन तोच. मध्ये दर बदलले तेही दोघींचे एकदमच बदलले, आणि शेवटी तीनशे नव्व्याण्णववर थांबले. बिल आलं की श्यामला ते शांतपणे वाचायची. एवढ्या एका कागदापुरती तिच्याहून वरचढ कुणी नव्हती.

आणि यंदा जानेवारीत बिल आलं पाचशे एकोणपन्नासचं.

तिने चष्मा पुसून परत वाचलं. मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. कन्नडसाठी दोन दाबा, अमक्यासाठी चार दाबा, असं करत करत एकदाची एक बाई आली.

"मॅडम, तुमचा प्लॅन अपग्रेड झालाय. डेटा वाढलाय, आणि वर सिनेमे फुकट."

"सिनेमे मी मागितले होते?"

"नाही मॅडम, ते कंपनीकडून आहेत."

"फुकट आहेत, तर दीडशे रुपये कशाचे?"

मग ती बाई म्हणाली, "तीस दिवस आधी तुम्हाला मेसेज पाठवलाय मॅडम. डिसेंबरचे मेसेज बघा."

श्यामलाने बघितले. होता. बिर्याणीवरची सूट आणि विनातारण कर्ज यांच्या मधोमध तो मेसेज बसला होता, आणि तिने तो उघडलाही नव्हता. तिने फोन ठेवला. बरं, वाढले तर वाढले. सगळ्यांचेच वाढले असतील. मग तिच्या मनात आलं ते विचारायला तिने जयनगरला फोन लावला.

"कल्पना, तुझं बिल किती आलं गं?"

"तेच की अक्का. तीनशे नव्व्याण्णव. का हो?"

"काही नाही. सहज."

"तुमचं वाढलं? अय्यो! माझं कसं नाही वाढलं कोण जाणे."

तिचा तो 'कोण जाणे'! श्यामलाचं अर्धं आयुष्य त्या दोन शब्दांनी खाल्लं होतं. हुळी इतकी छान कशी झाली? कोण जाणे. ऑटो कसा मिळाला? कोण जाणे.

"तुझं बिल मला पाठव बघू," श्यामला म्हणाली. "बघते काय काय लावलंय."

कल्पनेने दोन मिनिटांत फोटो पाठवला, खाली हात जोडलेलं चित्र टाकून.

चार दिवसांनी एकदा स्वयंपाक वासुदेवरावांनी केला. श्यामला जेवायच्या टेबलावर अर्ज लिहीत बसली होती. तक्रार नोंदवून झाली, तिचा नंबर मिळाला, आणि दोन दिवसांत 'तक्रार निकाली' असा मेसेजही आला. म्हणून आता कंपनीच्या अपील अधिकाऱ्याला पत्र. वासुदेवराव म्हणजे तिचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. त्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"यात कल्पनेचा नंबर कशाला?"

"शेजारी चांगला नग ठेवल्याशिवाय खराब नग दिसत नाही."

"अगं, पण तिला विचारलंस का?"

"तिचं काय जातंय? मला तिच्याएवढं करा, इतकंच म्हणतेय मी."

वासुदेवराव भात उतरवायला गेले.

पत्र मात्र नामी उतरलं होतं. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, पाठोपाठचे दोन नंबर; एकाला जुना दर, दुसऱ्याला नवा, हा भेदभाव कोणत्या नियमाने? सोबत पुराव्यादाखल दुसऱ्या नंबराचं बिल. डिसेंबरच्या मेसेजचा उल्लेख तिने केला नाही. पाठवलं तेव्हा तिला वाटलं, आपण परत बाकावर बसलोय.

बारा दिवसांनी उत्तर आलं. गोड इंग्रजीत. आपण निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहोत. दोन क्रमांकांच्या दरांतली तफावत तपासली, आणि ती दूर केली आहे. कळावे.

श्यामला खुर्चीतच उडाली. "अहो, बघा! दूर केली!" स्वतः जाऊन तिने गांधीबझारातून सेवंतीची माळ आणली, देवाला घातली. पुढचं बिल यायची वाट बघत ती दहा दिवस अशी हसतमुख वागली, की वासुदेवराव जरा धास्तावले.

बिल आलं. पाचशे एकोणपन्नास.

तिला उमगेना. तफावत दूर केली म्हणतात, आणि... ती केअरला फोन लावणार, तेवढ्यात फाटक वाजलं. कल्पना. चप्पल धड काढली नाही, घाम पुसला नाही, सोप्यात येऊन बसली आणि फोन पुढे केला.

"अक्का, बघा हो! माझंही पाचशे एकोणपन्नास! मेसेज नाही, काही नाही, एकदम!"

श्यामलाने फोन हातात घेतला. आकड्याकडे बघता बघता तिला त्या पत्राचा अर्थ कळला. तफावत दूर केली होती. चांगला नग उचलून त्यांनी खराब नगाच्या टोपलीत टाकला होता.

आणि खोटं कशाला, आधी बरंच वाटलं तिला. सारखं. आता सारखं.

"मी केअरला विचारलं," कल्पना सांगत होती. "तर म्हणाले, तुमचा नंबर चुकून जुन्या दरात राहिला होता, कुणाच्यातरी तक्रारीवरून लक्षात आलं. कुणाच्या, ते सांगेनात. पण मला कळलंय कोण ते."

श्यामलाने तिला फोन परत दिला. "कोण?"

"ती समोरच्या फ्लॅटमधली शिवानी. पुण्याची हो, आयटीवाली. तिची कंपनी फोनवाल्यांचीच कामं करते. तिच्यासमोर मी बोलून गेले होते, माझं बिल वाढलं नाही म्हणून. नाहीतर कोण करणार? माझ्या वाइटावर दुसरं कोण आहे?"

"अगं, ती तर तुझी औषधं आणून देते."

"तेच तर! वरून औषधं, आणि आतून हे. माझ्याकडे तिच्या घराची किल्ली असायची, काल तिच्या हातात दिली परत. म्हटलं, आमच्याकडे नको ठेवू. विचारत होती, 'काकू, मी काही चुकले का?' मी दार लावून घेतलं."

स्वयंपाकघराच्या दारात वासुदेवराव कॉफीचे पेले घेऊन उभे होते. त्यांनी बायकोकडे एकदा बघितलं आणि पेले ठेवून आत गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांच्यावर चिडता आलं असतं.

"शिवानीने नाही केलं," श्यामला म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी केलं."

कल्पनेला आधी ते शिरलंच नाही. ती हसली. मग श्यामलाने तिला पत्र दाखवलं, खाली तिने स्वतः पाठवलेला बिलाचा फोटो. कल्पनेने सगळं वाचलं, सावकाश, ओठ हलवत.

"मला तुझ्याएवढं करून हवं होतं," श्यामला म्हणाली. "त्यांनी तुला माझ्याएवढं केलं."

"अक्का, एकदा सांगायचं तरी," कल्पना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मीच केअरला फोन करून माझं वाढवून घेतलं असतं की. दीडशे रुपयांत तुम्हाला बरं वाटतंय, हे मला कुठे ठाऊक?"



कल्पनेने पदराने नाक पुसलं, कॉफी ओढली, एक घोट घेतला. "साखर जास्त घातलीय भावोजींनी," ती पुटपुटली. मग पेला ठेवून म्हणाली, "शिवानीचं मी बघते. माझं तोंड, मी निस्तरते. पण हे तुम्ही निस्तरा. तुम्हाला लिहिता येतं. मला येत नाही. माझं लिहा."

"आत्ता?"

"मग कधी? पुढचं बिल आल्यावर?"

श्यामला कागद घेऊन बसली. समोर कल्पना, मांडीवर पर्स, शाळेत बाई वही तपासतात तेव्हा मुलं बसतात तशी. श्यामलाने तिचे सगळे मेसेज काढले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. साड्यांचा सेल, वीजबिल, देवळाची वर्गणी. कंपनीचा दरवाढीचा मेसेज कुठेच नव्हता.

आणि तिथे तिचा हात थांबला.

आपल्या प्रकरणात कंपनीने मेसेज पाठवला होता. कल्पनेच्या प्रकरणात नाही. न कळवता वाढवलेला दर हा धडधडीत दोष. कुठलाही अपील अधिकारी तो बघून मागे फिरणार. हे एक वाक्य लिहिलं की कल्पनेचा दर खाली येणार. तिचा एकटीचा. श्यामलाचा येणार नाही, कारण तिची डायल न अडखळता माघारी आली होती. त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

एक वाक्य. नाही लिहिलं तर कुणाला कळणार? कल्पना तर लिहिलेलं वाचणारही नाही, 'अक्कांनी लिहिलंय' म्हणून पाठवून देईल. मग दोघी सारख्या. पाचशे एकोणपन्नास, पाचशे एकोणपन्नास. आप्पाजींनी दिलं होतं तसं.

"काय झालं हो?" कल्पनेने विचारलं. "अडलं का?"

श्यामलाने तिच्याकडे बघितलं. केसांना अजून पांढरा रंग कसा नाही हिच्या, असं तिच्या मनात आलं, अगदी त्याही क्षणी.

"नाही. स्पेलिंग आठवत होते," ती म्हणाली, आणि ते वाक्य लिहिलं. पहिलंच लिहिलं, आणि खाली रेघ मारली. डिसेंबरपासूनच्या सगळ्या मेसेजांची यादी जोडली. तिच्या एकोणतीस वर्षांत इतकी चोख चिठ्ठी तिने लिहिली नव्हती. कल्पना गेली तेव्हा तिने ऑटोपर्यंतही सोबत केली नाही, फाटकातूनच परत फिरली आणि हात धुतले, उगाचच.

पुढे तीन आठवडे कल्पनेचा फोन नाही. श्यामलानेही केला नाही. शिवानीशी कल्पनेचं परत जमलं म्हणे. हरी वासुदेवरावांना बँकेत भेटला तेव्हा बोलला, की किल्ली परत आमच्याकडे आली.

एका सकाळी श्यामला शेंगा सोलत होती, आणि फोन वाजला.

"अक्का! तीनशे नव्व्याण्णव! आणि मागच्या महिन्याचे जास्तीचेही वळते करणार म्हणे. काय लिहिलंत हो तुम्ही! मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या अक्कांनी लिहिलं म्हणून." मग जरा थांबून, "तुमचं?"

"माझं आहे तेच. माझ्यात त्यांची चूक नाही."

"असं कसं? मग माझ्यात कशी सापडली?"

"तुला मेसेज नव्हता आला."

"खरंच की," कल्पना म्हणाली. "मला कसा नाही आला, कोण जाणे."

"बरं झालं," श्यामला म्हणाली. पण ते दोन शब्द तोंडाबाहेर पडायला तिला इतका वेळ लागला, की तेवढ्यात कल्पना पलीकडून दोनदा "हॅलो? हॅलो?" करून चुकली होती.