वाफेची वही

जो सदरा घालून तुम्ही हे वाचताय, त्याची कॉलर कोणी बसवली, हे कधी विचारलंत? नाही ना? कडक कॉलर दिसते. ती बसवणाऱ्याचे पाय कोणाला दिसत नाहीत.

ज्या कारखान्याची ही गोष्ट, तिथे कॉलर बसायची चार नंबरच्या टेबलावर. त्या टेबलाशी एक इस्त्रीवाला सोळा वर्षं उभा होता. त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला, फरशीवर मांडी घालून, शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे तोडायला त्याची बायको. गळ्यात नाडीला अडकवलेली बोटभर कात्री, आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ. म्हणून सगळे तिला कात्रीच म्हणायचे. नवरासुद्धा. गोष्ट तिची आहे.

कात्री चौथीपर्यंत शिकलेली. पण भिंतीवर डकवलेला कागद वाचल्याशिवाय ती पुढे सरकली नाही कधी. कारखान्यात फळ्यावर नियम लागले की बाकीच्या बायका म्हणायच्या, "कात्रे, बघ गं, काय खरडलंय." ती मोठ्याने वाचायची आणि शेवटी स्वतःची एक ओळ जोडायची. "'पाणी प्यायला जाताना परवानगी घ्यावी.' आणि तहान लागताना अर्ज करावा!" बायका खो खो हसायच्या. सुपरवायझरही हसायचा. तो इतका गोड बोलायचा की त्याचं नाव पडलं होतं साखऱ्या.

साखऱ्या कधी ओरडला नाही. हात तर उगारलाच नाही. तो फक्त टेबलापाशी यायचा, इस्त्रीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि विचारायचा, "होतंय का?"

इस्त्रीवाला वर न बघता म्हणायचा, "होतंय."

झालं. एवढ्या एका शब्दावर आणखी दोनशे कपडे टेबलावर येऊन पडायचे.

पाच वाजले की साखऱ्या सगळ्यांची हजेरीची कार्डं गोळा करायचा आणि स्वतः उभा राहून मशिनीत एकेक वाजवायचा. कागदावर माणसं पाचला घरी. हॉलमध्ये माणसं जागच्या जागी. धागेवाल्या बायकांना सातला सोडायचा. इस्त्री सगळ्यात शेवटी, त्यामुळे इस्त्रीवाले दहापर्यंत. सकाळी आठ ते रात्री दहा, वाफेच्या लोटात, दोन पायांवर. आठवड्याचे सहा दिवस.

कात्रीने हे बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं. एका रविवारी तो पाय पसरून बसला असताना तिने गंमत म्हणून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच.

"अगंबाई, पायाचा पाव झालाय की हो तुमच्या!" ती हसली.

तोही हसला. नणंद त्यांच्याकडेच राहायची, ती चुलीपाशी बसल्या बसल्या अभिमानाने म्हणाली, "माझा भाऊ पहिल्यापासून कष्टाळू. दमतो कसा ते त्याला ठाऊकच नाही."

आणि कात्रीनेही मान डोलावली. तीसुद्धा चारचौघींत तोरा मिरवायची, की आमचं माणूस म्हणजे लोखंड आहे. मानेमागे दुखतं म्हणाला, तर तेल चोळून दिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाला, तर म्हणाली, "वाफेनं होत असेल." हा सल तिच्या काळजात आजही आहे. तिने साखऱ्याचा सूड घेतला, पण तो खड्डा बघून आपण हसलो होतो, याचा सूड कोणावर उगवायचा, हे तिला अजून कळलेलं नाही.

ज्या दिवशी तो कोसळला त्या दिवशी ती सातलाच घरी आली होती. तो पडला आठला दहा कमी असताना, चार नंबरच्या टेबलाशी. निरोप यायला नऊ वाजले. ती दवाखान्यात पोचली तेव्हा साडेनऊ. त्याचं उजवं अंग गेलेलं. तोंड वाकडं. डॉक्टरीणबाई संतापल्या. "मेंदूत गुठळी अडकली होती. या आजारात पहिल्या काही तासांतला मिनिट न् मिनिट मोलाचा असतो. इतका उशीर का केलात?"

उशीर का झाला, ते दुसऱ्या इस्त्रीवाल्याने कात्रीला जिन्याखाली गाठून, खालच्या आवाजात सांगितलं. साखऱ्याने गाडी बोलावलीच नव्हती. "हवा लागू दे, हवा लागू दे," म्हणत आधी त्याला चौघांकडून उचलवून गेटबाहेर नेलं. तिथे फुटपाथवर निजवलं. मग आत जाऊन सगळ्यांना बजावलं, की हा पाचला सुटला होता, मित्राला भेटायला परत आला आणि गेटबाहेर पडला. इस्त्र्या थंड करून हॉल बंद केला. मग गाडी.

डॉक्टरीणबाईंनी तास विचारले. कात्रीने सांगितले. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आठवड्याचे चौऱ्याऐंशी? अहो, पंचावन्नच्या वर गेलं तरी झटक्याचा धोका वाढतो. हे आता साऱ्या जगाला माहीत आहे."

"जगाला असेल," कात्री म्हणाली, "आम्हाला कोणी फळ्यावर लिहून नाही लावलं."

महिन्याभराने तो घरी आला. बोलणं गेलं होतं. सगळंच गेलं असतं तर एक वेळ बरं, पण एक शब्द मागे राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी. सगळी भाषा पुसली जाते आणि सवयीचा एखादा शब्द तेवढा उरतो.

"पाणी देऊ?" कात्री विचारायची.

"होतंय."

"दुखतंय का हो?"

"होतंय."

मुलगी शाळेतून येऊन गळ्यात पडली, की डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून, "होतंय. होतंय."

सोळा वर्षं साखऱ्याने जे त्याच्या तोंडात घातलं, तेवढंच आत शिल्लक राहिलं होतं. पहिल्या रात्री कात्री मोरीत जाऊन रडली. दुसऱ्या दिवसापासून रडायची बंद झाली. तिने ठरवलं, या शब्दाची किंमत वसूल करायची, आणि पैशात नाही.

ती कामगार कचेरीत अर्ज घेऊन गेली. तिथे कळलं, की सगळं अडलंय एका गोष्टीवर. तो कामावर पडला असं सिद्ध झालं, तर जन्मभराचा औषधोपचार कारखान्यावर. गेटबाहेर पडला, तर घरचा आजार, घरचं नशीब. बाकीचे इस्त्रीवाले साक्षीला यायला धजेनात. ज्याने जिन्याखाली सांगितलं होतं, तो तर रस्ता बदलून जायला लागला. कात्रीने त्याला शिव्या घातल्या नाहीत. शिव्या जपून ठेवल्या होत्या.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या मागच्या अंगाला गेली. तिथे बॉयलरची खोली. कारखान्यातल्या झाडून सगळ्या इस्त्र्या या बॉयलरच्या वाफेवर चालायच्या. तो सांभाळायला एक म्हातारे होते, त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणायचे. तरुणपणी त्यांनी एक बॉयलर फुटताना पाहिला होता. तेव्हापासून दर तासाला वाफेचा दाब वहीत लिहायचा, कोणत्या टेबलाची इस्त्री चालू, कोणती बंद, तेही लिहायचं, आणि आकडा कधी खोटा लिहायचा नाही, असं त्यांचं व्रत. लोक त्यांची थट्टा करायचे, की काका शिंकले तरी वेळ टाकून लिहितात.

"काका, त्या दिवशी काय लिहिलंत?"

म्हातारा दाबाच्या काट्याकडे बघत होता. "जे झालं ते."

"वही द्या."

"नाही देणार."

"घाबरलात?"

"घाबरलो. माझ्या पोटावर पाय येईल, पोरी. नोकरीचं दीड वर्ष राहिलंय."

"त्यांचं अर्धं अंग गेलंय, काका. तुमचं दीड वर्ष तुम्हाला लखलाभ." ती फणकाऱ्याने वळली.

"थांब, कात्रे. जीभ आवर आणि कान उघड." काका अजूनही काट्याकडेच बघत होते. "मी वही देणार नाही. पण सरकारी साहेबाने मागितली, तर 'नाही' म्हणता येत नाही. बॉयलरचा कायदा आहे. आणि पानाखाली रोज सुपरवायझरची सही लागते. आता जा. मी काही बोललो नाही."

कात्री तिथेच उभी राहून गालातल्या गालात हसली. किती दिवसांनी.

सुनावणी सकाळी अकराला होती. लांबट खोली, एक पंखा, टेबलामागे चष्म्यातला साहेब. साखऱ्या कडक इस्त्रीचा सदरा घालून आला होता. कॉलर अशी बसवलेली, की कात्रीने जिन्याखालच्या त्या इस्त्रीवाल्याचा हात ओळखला. नणंदेने भावाला चाकाच्या खुर्चीतून आणलं.

साखऱ्याने हजेरीची कार्डं मांडली. "साहेब, पाच म्हणजे पाच. आमच्याकडे कोणालाही जबरदस्ती नाही. मी स्वतः रोज विचारायचो, बाबा रे, होतंय का?"

साहेब इस्त्रीवाल्याकडे वळले. "पाच वाजल्यानंतर तुम्हाला काम करायला लावायचे का?"

इस्त्रीवाल्याने डाव्या हाताने खुर्चीची दांडी धरली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. सगळा जीव एकवटून तो म्हणाला, "होतंय."

साखऱ्याने हात पसरले. "बघा. सोळा वर्षं हेच उत्तर. कधी कुरकुर नाही."

नणंद तोंडात पदर कोंबून रडायला लागली. कात्री उठली.

"साहेब, बॉयलरची वही मागवा."

साखऱ्या हसला. "अहो बाई, ती वाफेची वही आहे. माणसांची नाही."

"माणसांच्या वहीत तुम्ही माणसं ठेवलीतच कुठे? म्हणून वाफेची मागतेय. साहेब, इस्त्री वाफेवर चालते. माणसं पाचला घरी गेली, तर दहापर्यंत वाफ कोण पीत होतं? भूत?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शिपायाला तिथल्या तिथे कारखान्यात धाडलं. दीड तासाने काका स्वतः वही घेऊन आले. कोणाकडे बघितलं नाही. वही टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

साहेबांनी पानं उलटली. सहा वाजता दाब पूर्ण. सात वाजता पूर्ण. नऊ, दहा, पूर्ण. टेबल चार चालू, टेबल चार चालू. महिनेच्या महिने. मग ते पान आलं. साहेब मोठ्याने वाचायला लागले. "'सात पन्नास. टेबल चारची इस्त्री उघडी राहिली, दाब उतरला. बघायला गेलो. माणूस टेबलाशी पडलेला. आठ वाजता त्याला उचलून गेटबाहेर नेला. आठ पंचवीसला हॉल बंद. वाफ सोडली.'"

साहेबांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"ही खाली सही कोणाची?"

साखऱ्या सही बघायला पुढे वाकला. "साहेब... ते... रोज पन्नास कागद येतात. काका वही पुढे करतात, आपण करतो सही. वाचतो कोण?"

"मी," कात्री म्हणाली. "मी वाचते."

निकाल लागला. कामावर पडला, असं कागदावर चढलं. औषधोपचार कारखान्यावर आला. मालकाने हात झटकले, मला काही ठाऊकच नव्हतं म्हणाला, आणि साखऱ्याला तडकाफडकी काढून टाकलं. काकांचं दीड वर्ष मात्र सुखरूप पार पडलं. त्या वहीनंतर त्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. नाही संपली.

दोन महिन्यांनी एका दुपारी साखऱ्या दारात उभा. दाढी वाढलेली, कॉलर चुरगळलेली. "वहिनी, मीही नोकरच होतो हो. माझ्यावरही वरून दाब होता. मला कुठे काम मिळेना. एकदा माफ केलंत तर..."

"या," कात्री म्हणाली. "बसा. त्यांच्या जेवणाची वेळ झालीय. आज तुम्ही भरवा."

तिने मऊ भाताची वाटी आणि चमचा त्याच्या हातात दिला. एक घास गिळायला दोन मिनिटं. घाई केली तर ठसका. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेलं पुसायचं, थांबायचं, मग पुढचा. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. साखऱ्याचा हात दुखायला लागला, कंबर वाकली. त्याने हळूच मनगटावरचं घड्याळ बघितलं.

कात्री दाराला टेकून उभी होती. ती जवळ आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि साखरेच्या पाकातल्या आवाजात विचारलं, "होतंय का?"

साखऱ्याचा चमचा खाली पडला. तो ढसाढसा रडायला लागला. इस्त्रीवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "होतंय."

"त्यांनी माफ केलं का, वहिनी?"

"त्यांना तेवढंच येतं. तुम्हीच शिकवलंत. आणि माझं विचाराल, तर नाही. अर्धी वाटी राहिलीय. चमचा धुऊन घ्या."

त्याने उरलेली अर्धी वाटी भरवली. मगच तिने त्याला जाऊ दिलं. दया यायला हवी होती, असं नणंद नंतर म्हणाली. कात्री म्हणाली, "वन्सं, दया फुटपाथवर पडली होती, अर्धा तास. कोणी उचलली नाही."

मालक अजून शिल्लक आहे. तो कधी खांद्यावर हात ठेवायला आला नाही, म्हणून त्याचा हात कुठे दिसत नाही. पण कात्रीने आता स्वतःची वही घातली आहे. रोज पाच वाजता काम थांबवून ती गेटसमोर उभी राहते, आणि नंतर जो जो बाहेर पडतो त्याची वेळ लिहिते. सुरुवातीला माणसं तोंड लपवून जायची. आता थांबून विचारतात, "माझी लिहिलीस ना, कात्रे?" नवा सुपरवायझर खिडकीतून बघतो. बघू दे. तीही त्याला बघतेय.

आता तुमचं. तुमच्याही घरात कोणीतरी आहे, विचारलं की 'होतंय' म्हणणारं. आज ते माणूस दारातून आत आलं, की कौतुक करू नका. खाली बसवा. नडगीवर अंगठा दाबून ठेवा, मनात दहा मोजा आणि अंगठा काढा. खड्डा तसाच राहिला तर हसू नका. उद्या त्याला कामावर पाठवू नका, डॉक्टरकडे न्या. आणि आज ते माणूस किती वाजता घरी आलं, ते आत्ताच एका वहीत लिहून ठेवा.