पेशंटचं स्टूल

सांगलीच्या त्या डॉक्टरांच्या खोलीत टेबलाला लागून एक स्टूल होतं. पेशंटचं. त्यावर दादासाहेब बसले. मी उभी राहिले.

डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, "बोला. काय होतंय हिला?"

"डोकं जरा हललंय. जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडं बघत बसते. आमच्या ड्रायव्हरची पोरगी. शिकली ना जास्त. ह्यांच्यात कोण शिकलेलं नाही, त्यामुळं झेपत नाही मग."

दोघंही हसले. माझे वडील दाराजवळ टोपी हातात धरून उभे होते. तेही हसले. मालक हसले म्हणून.

गाडीत मागच्या सीटवर बसून मी सगळ्या वाटेनं वाक्यं जुळवत आले होते. सकाळी जाग आली की छातीवर भिजलेलं पोतं ठेवल्यागत वाटतं. तोंडाला चव नाही. वाचलेलं पान पुढच्या पानावर गेलं की पुसलं जातं. कुणावर राग नाही, कशाचं रडू नाही, नुसतं रिकामं. अशी वाक्यं. दोनदोनदा घोकलेली, कॉलेजात तोंडी परीक्षेला घोकायचे तशी. एकही कामाला आलं नाही. मला कुणी विचारलंच नाही.

वयसुद्धा दादासाहेबांना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. "असंल वीसबावीस," म्हणाले. मी तेवीस वर्षांची होते आणि दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"तू बस बाहेर," डॉक्टर मला म्हणाले. दार लागता लागता दादासाहेबांचं बोलणं कानावर आलं. "सिंपल पीपल, डॉक्टर. मला सांगा काय ते. मी बघतो."

मी केमिस्ट्रीत बीएस्सी आहे. इंग्रजी मला कळतं. वडिलांना कळलं नाही. बरं झालं.

आता तुम्ही विचाराल, दादासाहेब मध्ये कुठून आले. आमच्याकडं कडेगावच्या बाजूला ही रीतच आहे. सांगली-मिरजेच्या मोठ्या डॉक्टरकडं जायचं तर ओळखीचा माणूस बरोबर लागतो. ओळख असली तर डॉक्टर नीट बघतो, नसली तर नुसता हाकलतो, असं आमच्या वस्तीत लहान पोराला विचारलं तरी सांगेल. आणि ओळखीचा माणूस म्हणजे ज्याच्या दारात आपण राबतो तो. माझे वडील, आण्णा, दादासाहेबांचा ट्रॅक्टर चालवायचे. उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर न्यायचे. दादासाहेब वयानं त्यांच्यापेक्षा लहान. पण ते आण्णांना "ए भिवा" म्हणत, आणि आण्णा त्यांना "मालक".

मी आमच्या घरातली पहिली शिकलेली. वस्तीतलीसुद्धा. सीझनपुरती कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. पांढरा कोट घालून उसाचा रस तपासायचे. त्या कोटाचा मला लय अभिमान. आई तो वेगळा धुवायची, दुसऱ्या कपड्यांत घालायची नाही. आणि त्याच सीझनला हे आलं. लोक कारण विचारतात. लग्न मोडलं का? कुणी फसवलं का? कारण नव्हतं. ताप येताना तरी कुठं कारण सांगून येतो.

तर गोळी सुरू झाली. रोज एक, जेवल्यावर. चिठ्ठीवर इतकंच. वडिलांनी दादासाहेबांना विचारलं, आणखी काय सांगितलं डॉक्टरांनी? ते म्हणाले, "दिली न्हवं गोळी? घाल म्हणावं तोंडात."

पहिल्याच आठवड्यात मळमळायला लागलं. भाकरीचा वास आला तरी उठून जायचे. तोंड कोरडं. दिवसभर जांभया आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. लॅबमध्ये काचेची नळी हातात धरली की हात थरथरायचा, आकडा नीट वाचता यायचा नाही. आई म्हणाली, "उष्ण पडलीया गोळी." तिनं सब्जाचं बी भिजवून दिलं, ताक पाजलं. आमच्यात कुठलंही इंग्रजी औषध सोसलं नाही की ते उष्ण असतं.

ते एकवेळ सोसलं असतं. पण नंतर आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. बसवेना. बसले की उठावं वाटे, उठले की चालावं वाटे, चालले की पळावं वाटे. आधी मी नुसती रिकामी होते. आता त्या रिकाम्या घरात कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं. आणि एका दुपारी ओढ्यावर कपडे धुताना मनात आलं, आपण नसलेलं बरं. रडत नाही, ओरडत नाही, बाजारातून मीठ आणायचंय हे आठवावं इतक्या साध्या रीतीनं आलं. ते साधेपण बघून मी घाबरले. पिळे तसेच टाकून घरी आले आणि आईजवळ जाऊन बसले. ती शेंगा फोडत होती. मीही फोडायला लागले. सांगितलं काहीच नाही. काय सांगायचं? बरं व्हायची गोळी घेते आणि मरायचं मनात येतंय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मला वाटलं, माझंच डोकं खरंच हललंय. दादासाहेब बरोबर बोलले.

आण्णांना माझी तगमग दिसत होती. ते परत दादासाहेबांकडं गेले. सोसायटीच्या कट्ट्यावर चारपाच माणसं बसलेली. त्यांच्यासमोर दादासाहेब म्हणाले, "आरं भिवा, वेडाची गोळी हाय ती. डोकं फिरणारच की जरा. येड्याला शाणं करायचं म्हंजी काय सोपं हाय व्हय?"

झालं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. शेजारची काकू नळावर मला बघून पोराला कडेवर घेऊन वळली. लॅबमधले आमचे सीनियर भला माणूस. तेही नजर चुकवत म्हणाले, "मॅडम, ॲसिडच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं राहू दे." मी किल्ली दिली. पांढरा कोट अंगात होता, पण त्या दिवशी तो दुसऱ्याच कुणाचातरी वाटला.

घरी येऊन मी गोळ्या बंद केल्या. एकदम. कुणाला न विचारता, कारण विचारायला कुणी नव्हतंच. तीही चूकच होती, पण ते मला कोण सांगणार? मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके यायला लागले. चक्कर. उगाच संताप. भरल्या घरात मी एकटी. आई बोलायची ते काचेपलीकडून आल्यासारखं वाटायचं. मी माझ्या परीनं ओळखलं होतं की आता दोनच गोष्टी होतील. एकतर मला कुणीतरी नीट सांगेल, नाहीतर मी राहणार नाही.

दादासाहेबांना कुणीतरी सांगितलं, पोरगीनं गोळी सोडली. सकाळीच गाडी वस्तीत आली. हॉर्न वाजला. सगळी वस्ती दारात.

"चल गं, बस गाडीत. डॉक्टरला फोन केलाय मी."

मी उंबऱ्यावर उभी होते. म्हणाले, "मी जाणार हाय. एसटीनं. तुमी नका येऊ."

त्यांना वाटलं गोळी सोडल्यामुळं बोलते. हसून आण्णांकडं बघितलं. "मग तितं बोलणार कोण? हा भिवा?"

"जिचं दुखतंय ती बोलंल."

"ओळखीबिगर उभं करून घेत न्हाईत तितं, कळलं का?"

"मग बसवून घेतील," मी म्हणाले.

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. दादासाहेबांचं तोंड उतरलं.  आण्णांना म्हणाले, "भिवा, लय चांगली शिकवलीस पोरगी." आणि काच वर करून गेले.

आण्णा माझ्याकडं बघेनात. जमिनीकडं बघत म्हणाले, "मालकाला असं बोलत्यात व्हय पोरी? त्यांच्याबिगर आपल्याला कोण हाय?"

मी म्हणाले, "मी हाय न्हवं."

ते आत गेले.

सांगलीला नंबर लावला. दुपार झाली. नाव पुकारलं तशी आत गेले आणि त्या स्टुलावर बसले. लाकडी स्टूल. एक पाय आखूड, हलत होतं. 

डॉक्टरांनी दाराकडं बघितलं. "बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही."

"असं चालत नाही. नातेवाईक लागतो. मागच्या वेळी दादासाहेब होते ना?"

"ते माझे नातेवाईक नाहीत. माझे वडील त्यांचा ट्रॅक्टर चालवतात."

मग मी घोकलेली वाक्यं बोलायला लागले. आधीची, आणि गोळीनंतरची. मळमळ, झोप, बसवत नाही ते. ओढ्यावर मनात आलं तेही. तिथंही थांबले नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे आधी का नाही सांगितलं? असा विचार आला की लगेच फोन करायचा, हे मी सांगितलं होतं. पहिले काही आठवडे त्रास होतो, तुझ्या वयात जास्त लक्ष ठेवावं लागतं, गोळी मनानं एकदम सोडायची नाही. सगळं सांगितलं होतं मी."

"कुणाला?"

"दादासाहेबांना."

"पेशंट कोण होतं?"

 बाहेर पुढचा नंबर पुकारायला मुलगी दार उघडून डोकावली. त्यांनी हातानं तिला थांबवलं.

"तू बरीच शिकलेली दिसतेस," ते म्हणाले. कौतुकानं नाही.

"शिकलेली नसते तरी गोळी माझ्याच पोटात जात होती," मी म्हणाले. "आता मला सांगा. मराठीत सांगा, नाहीतर इंग्रजीत सांगा. मला दोन्ही कळतं. सांगेपर्यंत मी उठणार नाही."

त्यांनी सांगितलं. आधी कोरडेपणानं, मग नीट. ओढ्यावरचा विचार आता येतो का, कधी येतो, हे खोदून विचारलं. असं आधी कधी झालंय का, घरात कुणाला झालंय का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, सगळं मला विचारलं. गोळी बदलली, कमी डोसनं सुरू करू म्हणाले. गुण यायला काही आठवडे लागतात, त्रास मात्र आधी येतो, हे सांगितलं. मळमळ बहुधा ओसरते. बेचैनी वाढली, किंवा मरणाचा विचार आला, तर वाट बघायची नाही, फोन करायचा, नाही लागला तर सरळ दवाखान्यात यायचं. बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करायची नाही, हळूहळू कमी करत सोडायची असते. आणि घरातल्या एका माणसाला हे सगळं माहीत पाहिजे.

"कोण ते तू ठरव," म्हणाले.

पहिल्यांदा मला कुणी काहीतरी ठरवायला सांगितलं होतं. मी आईला ठरवलं. घरी जाऊन तिला ओढ्यावरचंही सांगितलं.  त्या दिवसापासून ती ओढ्यावर माझ्याबरोबर यायला लागली, आणि गोळ्या तिच्या ट्रंकेत.

मी खडखडीत बरी झाले असं लिहिणार नाही. दुसऱ्या गोळीनंही आधी मळमळ झाली. पण का होते ते माहीत होतं, म्हणून भीती वाटली नाही. पोतं छातीवरून पुरतं उतरलं नाही, पण आता ते कोरडं आहे, ढकलता येतं. दादासाहेबांनी नंतर आण्णांकडून ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली, ती परत दिली नाही. आण्णा आता लांबच्या गावात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात आणि माझ्याशी कामापुरतंच बोलतात. काकू अजून पोराला कडेवर घेते. ॲसिडच्या कपाटाची किल्ली मी मागून परत घेतली.

परवा वस्तीतली एक बाई आली. तिच्या सुनेचं बाळंतपणानंतर असंच झालंय. पोराकडं बघत नाही, जेवत नाही. म्हणाली, "आगं, तुझी आता वळख हाय न्हवं डॉक्टराशी? चल की आमच्याबरूबर. तूच बोल. तिला काय बोलता येतंय?"

सून दाराआड उभी होती. खाली मान. माझ्यापेक्षा लहान.

मी सासूला नाही, तिला सांगितलं. "मी सांगलीला येते. एसटीत तुझ्याशेजारी बसते. बाहेर बाकड्यावर दिवसभर बसते. पण आत मी बोलणार न्हाई. तितं एक स्टूल हाय, त्याचा एक पाय आखूड हाय, त्यावर तू बसायचं. काय होतंय ते तू सांगायचं. सगळं समजल्याबिगर उठायचं न्हाई."

सासू म्हणाली, "आणि हिला न्हाई बोलता आलं म्हंजी?"

"तर गप बसंल. पण स्टुलावर तीच बसंल."

उद्या सकाळच्या गाडीनं जाणार आहोत. मला कुणाचा ओळखीचा माणूस व्हायचं नाही. माझ्यासमोर दुसऱ्याच्या दुखण्याच्या स्टुलावर बसलेला माणूस, मग तो मालक असो, सासू असो नाहीतर मी स्वतः असो, त्याला मी उठवणार.