गडगड्याचा हलका झालेला पाऊस

आमच्या नाटक मंडळीत एक माणूस असा होता, की तो प्रेक्षकांना कधी दिसला नाही आणि त्याच्यावाचून आमचा एकही प्रयोग झाला नाही. विंगेत उजव्या हाताला, पडद्याच्या दोऱ्यांखाली त्याचं स्टूल असे. ढग गडगडायला हवेत, तर तो टांगलेला पत्रा हलवायचा. घोडा यायचा असेल, तर दोन लाकडी वाट्या फळीवर आपटायचा. घोडा दमलेला आहे की ताजातवाना, हे नुसतं ऐकून कळायचं. सगळे त्याला गडगडे म्हणत. खरं आडनाव बहुधा त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं.

पण त्याचा खरा जीव पावसावर. हातभर लांबीची चपटी लाकडी पेटी, आत आडव्यातिडव्या खिळ्यांच्या रांगा आणि चांगले भांडंभर वाळलेले वाटाणे. पेटी हळूच कलती केली की रिमझिम, झटक्यात उलटी केली की मुसळधार. मध्यंतरात लोक दारापर्यंत जात, कोरडा रस्ता बघत आणि ओशाळून परत येत. मी तर रोजची माणूस, पण दुसऱ्या अंकात तो पाऊस सुरू झाला की माझा हात आपोआप शाल सावरायला जायचा. दिग्दर्शकाला वाटायचं, काय बारकाईचा अभिनय आहे. मी कधी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

मंडळी बंद झाली, गडगड्याची बायको गेली, आणि तो पेटी काखोटीला मारून लेकीकडे राहायला आला. माझं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळच्या चहाला मी जायचेच.

लेक बापासारखीच, कामात बुडणारी. ऑफिसातली नोकरी सोडून तिनं समोरच्या बालवाडीतल्या पन्नास मुलांचं दुपारचं जेवण करायचं काम घेतलं होतं. स्वयंपाकघराला लागून छोटी कोठीची खोली. तीन भिंतींना फळ्या, चौथ्या भिंतीत उंचावर एक खिडकी. प्रत्येक डब्यावर तिच्या ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी. सगळ्यात वरच्या फळीवर बापाची पेटी, कारण घरात तेवढी एकच जागा कोरडी होती आणि पेटीला ओल चालत नसे.

एका सोमवारी बालवाडीतल्या एका मुलानं ताटलीतला किडा बोटावर घेऊन बाईंना दाखवला. "हा मेला नाहीये," त्यानं आनंदानं सांगितलं. बालवाडीच्या मोठ्या बाई संध्याकाळी घरी आल्या. बाई सरळ होत्या, आवाज न चढवता बोलल्या. "आठवडाभर मुलांचं जेवण दुसरीकडून मागवते. पुढच्या सोमवारी मी स्वतः येऊन डबे उघडून बघणार. एकही किडा दिसला नाही, तर काम तुमचं. दिसला तर मला दुसरी व्यवस्था करावी लागेल."

त्या गेल्यावर लेक कोठीच्या उंबऱ्यावर बसली. "मावशी, ऑफिस सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, पन्नास पोरांचा स्वयंपाक हिला झेपायचा नाही. झेपला. कोण कशातलं गाजर बाजूला काढून ठेवतं तेसुद्धा मला पाठ आहे. आणि आता या मोहरीएवढ्या किड्यापायी जाणार?"

मंगळवारी आम्ही तिघांनी पदर, बाह्या, जे काही होतं ते खोचलं. कडधान्यं चाळली, पाखडली. भोकं पडलेली टाकून दिली, उरलेली गच्चीत कडक उन्हात पसरली. पिठाची पिशवी फ्रीजमध्ये गेली. डबे गरम पाण्यानं धुतले, फळ्यांच्या फटी सुईनं कोरल्या, पेटी उचलून खालची फळी पुसली आणि पेटी पुन्हा जागेवर ठेवली. डब्याडब्यात तमालपत्र घातलं. संध्याकाळी खोली इतकी लखलखीत दिसत होती, की मला तिथे एखादा प्रवेश करून दाखवावासा वाटला.

बुधवारी सकाळी खिडकीच्या काचेवर सात भुंगे.

कोठी पुन्हा उपसली. गुरुवारी अकरा. तिसऱ्यांदा उपसली. पाहुण्यांची संख्या वाढत होती.

"किराणावाला," गडगडे म्हणाला. "तोच. माझी खात्री आहे."

"बाबा, शांतपणे विचारा हं," लेक म्हणाली.

तो शांतपणे विचारील अशी आशा त्या घरात कोणालाच नव्हती. मी मागोमाग गेले. आयुष्यभर विंगेत बसलेल्या माणसाला त्या दिवशी अखेर रंगभूमी मिळाली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, एवढा प्रेक्षकवर्ग त्याला पुरला. "पन्नास लेकरांच्या तोंडचा घास किडवलात तुम्ही," असं म्हणून त्यानं वजनकाट्याचं पत्र्याचं पारडं असं काही हलवलं, की गडगडाटानं एका बाईची पिशवी हातातून पडली.

किराणावाला जागचा हलला नाही. "काका, तुमचा माल याच पोत्यातला. घाला हात. एक भोक दाखवा."

गडगड्यानं हात घातला. मीही घातला. भोक काही मिळेना.

"मग तळाशी असतील," गडगडे म्हणाला.

"तळ दाखवू का?"

"नको. तुमच्यासारख्यांचा तळ आम्ही ओळखून आहोत." आणि तो निघाला. मला जाणं भाग होतं, पण जाताना मी त्या माणसाकडे बघून हात जोडले.

शुक्रवारी मी गेले तर लेक मोठ्या बाईंना चिठ्ठी लिहीत होती: किराणावाल्याचा माल खराब निघाला, दुकान बदलते आहे, एक संधी द्या. लिहिता लिहिता तिचा चेहरा पडला होता. ती लहान असताना रुसली किंवा रडली, की गडगडे तिच्यासाठी पाऊस पाडायचा. चाळिशीच्या लेकीवर तोच उपाय चालेल, असं त्याला का वाटू नये? तो स्टुलावर चढला, पेटी उतरवली, लेकीच्या मागे उभा राहिला आणि हळूच पेटी कलती केली.

पाऊस पडला. पण गडगड्यानं कपाळाला आठ्या घातल्या. पेटी पुन्हा उलटी केली.

"बाईसाहेब, ऐकलंत?" तो मला म्हणाला. "हलका झालाय."

"काय?"

"पाऊस. कोंडा पडल्यासारखा येतोय. यात वजन नाही."

"वय झालं त्या पेटीचं. आपलंही झालं."

"माझ्या कानाचं नाही झालं." त्यानं पेटी टेबलावर आडवी ठेवली आणि वर कान टेकला. बराच वेळ तसाच राहिला. मग मला खुणेनं बोलावलं. मीही कान लावला. वाटाणे कधीचे थांबले होते. तरी आत काहीतरी बारीक, कुरकुर, करकर चाललं होतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लेक पाठमोरी लिहीतच होती.

गडगड्यानं मला दंडाला धरून बोळात नेलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुजबुजत होता. "गेल्या साली धार बारीक वाटली म्हणून बाजारातून सुटे वाटाणे आणून भर घातली होती मी. झाकणाचा एक स्क्रू बसलाच नाही, तिथे फट राहून गेली. बाईसाहेब, ती पेटी तुम्ही घरी घेऊन जा. तिला काही बोलू नका. किडे आपोआप बंद होतील."

"आणि माझ्या तांदळानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"मग जाळून टाकू."

"ती तिथे त्या दुकानदाराचं नाव लिहून देतेय, गडगडे. पन्नास घरांत खराब होईल ते."

मी काही पुढे बोलले नाही. नटाला वाक्य आठवत असतं, फक्त जीभ उचलत नसते, तेव्हा थांबायचं असतं. त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली, आत गेला आणि पेटी उचलली.

"पोरी, पेन ठेव," तो म्हणाला. "चोर सापडला. घरातलाच आहे."

लेकीनं स्क्रूड्रायव्हर आणला. झाकण निघालं. प्रत्येक वाटाण्याला गोल, नेटकं भोक, खिळ्यांवर पांढरी भुकटी, आणि मधोमध भुंग्यांचं भरलेलं गाव. सगळं घर आम्ही तीनदा झाडलं होतं. पेटीत धान्य आहे हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्या लेखी ते धान्य नव्हतंच, तो पाऊस होता.

लेक पेटीवर वाकली. गडगडे मान खाली घालून उभा. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि मला वाटलं, आता रडते. ती हसत होती. हसता हसता भिंतीला टेकत खालीच बसली. "बाबा," ती म्हणाली, "माझ्या डब्यांत तमालपत्र घातलंत, आणि तुमच्या पेटीत?"

"तिला वास चालत नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

वाटाणे उकळत्या पाण्यात गेले, पेटी गच्चीत उन्हात. कोठी चौथ्यांदा रिकामी झाली, चौथ्यांदा भरली. शनिवारी काचेवर दोन भुंगे, रविवारी एक, तोही उताणा. रविवारीच गडगडे किराणावाल्याकडे गेला आणि गिऱ्हाइकं जमेपर्यंत मुद्दाम थांबला. आरोप चारचौघांत केला होता, माफीही चारचौघांत मागितली. किराणावाला म्हणाला, "बसा काका. पण त्या पारड्याला हात लावू नका."

सोमवारी मोठ्या बाई यायच्या वेळेला लेकीनं आम्हा दोघांना घराबाहेर काढलं. "तुम्ही दोघं असलात की नाटक होतं. मी खरं काय ते सांगणार आहे, तेही दोन वाक्यांत." आम्ही जिन्यात पायरीवर बसलो. मला बंद दार दिसत होतं. गडगडे डोळे मिटून घराकडे कान देऊन बसला.

"पेटीचं सांगितलं," तो म्हणाला. "बाई काही बोलत नाहीयेत." मग डब्यांची झाकणं ऐकू येऊ लागली, आणि तो बोटांवर मोजू लागला. "कडधान्यं झाली. आता पीठ. स्टूल ओढलं. वरची फळी बघतायत."

"हसल्या का हो?"

"खोकल्या." तो थांबला. "नाही, हसल्या. आधी खोकल्या, मग हसल्या."

दार उघडलं, मोठ्या बाई जिना उतरताना आमच्याकडे बघून मान हलवून गेल्या. त्या मानेचा अर्थ मला लागेना. मी उठणार, तोच गडगड्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं. आत नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी कशात तरी पडत होतं, खोल, जड आवाजात, आणि थांबायचं नाव घेत नव्हतं.

"मोठं पातेलं," गडगडे म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. "दोन माणसांना एवढं पाणी लागत नाही, बाईसाहेब. हे पन्नास पोरांचं आहे."