सलीमभाईंचा दुसरा नमुना

तारीख अकरा, मंगळवार. जुन्नरचं कब्रस्तान. हजर : सलीमभाईंचे दोन भाऊ, जावई, नारायणगावच्या आमच्या प्रयोगशाळेतले आम्ही तिघे, पिंपरी पेंढारजवळच्या वस्तीवरचे बाळू शिंदे आणि जरा लांब उभा राहिलेला जीपवाला पोपट. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

सलीमभाई विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करायचे. भरवसा कुणावरही नाही. बर्फाच्या पेटीला स्वतःचं कुलूप. मी चेष्टा करायचो, "भाई, पाणी काय पळून जातंय?"

"पळत नाय राव, बदलतंय. शिसं बाटलीला आतून चिकटून बसतं. आम्लाचे थेंब टाकले तरच पाण्यात ऱ्हातं. न्हाईतर रिपोर्ट फस्क्लास, अन् लोक पित्यात जहर!"

शिंद्यांच्या वस्तीवरच्या विहिरीला लागून जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड आहे. तरी आमच्या अहवालात शिसं नाही. नमुना घेतला त्या दिवशी आम्हाला तिथून पुढे डिंभ्याला जावं लागलं होतं आणि पेटी एकट्या पोपटबरोबर नारायणगावला गेली होती. शेडवाल्यानं पोपटला फोडून पाणी बदलून घेतलं, हे वस्तीनं ठरवून टाकलं. मलाही ते पटलं... सोयीचं होतं.

सलीमभाईंनी मात्र माझी नोंदवही मागितली; बाटलीत आम्ल घालून नोंद करणं माझं काम. 'आम्ल घातलं' या रकान्यात माझी खूण होती. त्यांनी पान खिडकीशी धरलं.

"भाऊ, सगळ्या खुणा एका दमात केल्यावानी दिसत्यात. कधी केल्या?"

"विहिरीवरच," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटून परत दिली. नंतरचे चार दिवस त्यांनी माझ्याबरोबर चहा घेतला नाही. पाचव्या दिवशी हृदयविकारानं गेले.

खुणा मी सकाळीच ऑफिसात करून ठेवायचो, वेळ वाचावा म्हणून. त्या विहिरीवर मला फोन आला होता. आम्ल घातल्याचं आठवत नाही.

दफनानंतर सलीमभाईंच्या पत्नी मुमताजभाभींनी फ्रिजमधून एक बाटली काढून दिली. सलीमभाई एकटेच पुन्हा विहिरीवर जाऊन आले होते. चिठ्ठीवर त्यांचं अक्षर : 'आम्ल मी स्वतः टाकलं.' दुसऱ्याच दिवशी तपासली. शिसं निघालं. विहीर त्याच दिवशी बंद करायला लावली, टँकर सुरू झाला.

शिंदे म्हणाले, "बघा, पोपट्यानं लई वंगाळ केलं." मी होकारार्थी मान हलवली. आता पोपटच्या जीपमध्ये वस्तीवरचं कुणी बसत नाही.

हे छापून यायच्या आत वस्तीवर जाऊन, पोपटला शेजारी उभं करून, चूक माझी होती हे सांगायचं आहे. अजून गेलेलो नाही.