पेट्या, पाणी आणि मोताळ्याच्या वत्सलाकाकू

वत्सलाकाकूंचं नाव सगळ्यात आधी लिहितो, कारण त्या भेटल्या नसत्या तर बाकीचं लिहिण्याची मला हिंमतच झाली नसती. मोताळ्यात त्यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा शेत बघतो, पंप काकू बघतात.

मी कराडकडचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि हार्मोनियम दुरुस्तीच्या कारखान्यात लागलो. आमच्या मालकांची बहीण मेहकरला दिलेली आहे. तिच्या ओळखीनं बुलढाणा जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या पेट्या आमच्याकडे येतात. दुरुस्त झाल्या की मालक स्वतः व्हॅननं पोचवतात. यंदा त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून सहा पेट्या घेऊन पहिल्यांदाच मी एकटा निघालो. निघताना ते एवढंच म्हणाले, "पेट्या कोरड्या पोचव. बाकीचं तुला येतं."

त्या 'कोरड्या'नंच माझी झोप उडाली. पेटीचा भाता म्हणजे पुठ्ठा, कातडं आणि सरस. ओल लागली की सांधे सुटतात, आणि मग सूर निघायच्या जागी नुसता फुसफुसाट. आणि आमची व्हॅन जुनी, गेल्या पावसाळ्यातच गळायला लागलेली. म्हणून निघण्याआधी दोन दिवस गाडीखाली झोपून, दरवाजे तपासून, दिसेल ते भोक मी लांबीनं (भेगा बुजवायच्या पुट्टीनं) बुजवून टाकलं होतं.

जालना मागं पडलं तसं बोलणं बदलत गेलं. देऊळगाव राजाला चहा घेताना टपरीवाल्यानं विचारलं, "काय घेऊन चालले, दादा?" पेट्या म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग एखादं वाजवा की!" मी हसून गाडीत बसलो. मी पेट्या लावतो, वाजवत नाही. सगळे सूर जुळले की माझं काम संपतं. हे लोकांना सांगायची लाज वाटते.

हिवरा आश्रमाजवळच्या एका गावात दोन पेट्या दिल्या. दोन्ही कोरड्या. मंडळाच्या लोकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिथून चिखलीमार्गे बुलढाण्याला आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलं होतं. हवा इतकी मोकळी की जिवाला जरा बरं वाटायला लागलं.

बुलढाण्याला पावसानं गाठलं. मी थांबलो नाही. सगळी भोकं बुजवलेली, भीती कशाची? राजूर घाट उतरायला लागलो आणि पहिल्याच मोठ्या उतारावर काहीतरी गार पायाला लागलं. खाली बघितलं तर चप्पल पाण्यात. गाडीत मागं साचलेलं पाणी उतारानं पुढं आलं होतं. घाटात थांबायला जागा नाही, मागं एसटी भोंगा वाजवतेय. पाय गार आणि कपाळावर घाम. शेगावकडच्या चार पेट्या मागं होत्या.

मोताळ्यात पोचलो तो बाजाराचा दिवस होता. एका दुकानाच्या पत्र्याखाली गाडी अर्धी घुसवली आणि पेट्या उतरवायला लागलो. दुकानात पंपांची रांग, त्यांच्यामागं वाट बघणारे शेतकरी, आणि मध्ये पाटावर बसून पंपाचा वायसर काढणाऱ्या एक बाई. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काऊन (का) बे पोरा, दुकानात घर करून राह्यला का?"

मी सगळं एका दमात सांगितलं. आवाज रडवेला झाला असणार, कारण त्यांनी पाना खाली ठेवला. तीन पेट्या कोरड्या होत्या. चौथीच्या भात्याचा एक कोपरा ओला झाला होता.

"ते पेटीचं तू पाह्य. गाडीचं मी पाह्यते."

रांगेतले एक काका म्हणाले, "वत्सलाबाई, माह्या कपाशीवर मावा (कीड) पडला, अन् तुम्ही गाडी पाहून राह्यल्या!"

"तुमचा मावा सांजेपर्यंत कुठी पळून नाई जात, भाऊ. बसा."

पाऊस थांबला होता. त्यांनी एक पंप पाठीला लावला. "याच्यात औषध कधी घातलं नाई. निस्तं पाणी. पंप गळते का, ते याच्यावर पाह्यते मी." चुलीतली कोरडी राख आणून त्यांनी गाडीच्या आतल्या सांध्यांवर मला भुरभुरायला लावली. पाणी आत येईल तिथं राखेत काळी रेघ उमटेल. मग मला आत बसवून दरवाजे लावून घेतले.

"छतावरून सुरू करू का?" मी आतून विचारलं.

"खालून वर जायचं. वरून टाकलं तर सारंच ओलं होते, मंग नाव कोनाचं घेशीन?"

चाकांजवळ काही नाही. दरवाजाचा सांधा कोरडा. मग त्यांनी काचेवर फवारा धरला. राख पांढरीच राहिली, पण माझ्या कानाला दरवाजाच्या पोटात डुबडुब ऐकू आली. घागर भरत आली की येते तशी.

"काकू, दिसत नाही काही, पण दरवाजात पाणी वाजतंय!"

त्या खाली वाकल्या, दरवाजाच्या तळाशी खिळा घातला आणि ठोकला. भस्सकन पाणी त्यांच्या पायावर आलं.

"हे भोक कोनं बुजवलं बे?"

"मी."

रांगेतले सगळे हसले. मी बाहेर येऊन मान खाली घालून सांगितलं, की आमच्या कामात भोक म्हणजे हवेची गळती. दिसलं की कातडं लावायचं, हीच हाताला सवय. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी जाणारच, ते खाली निघून जावं म्हणून ते भोक ठेवलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वाट बंद केली, म्हणून दरवाजा भरून पाणी आतल्या अंगानं सांडलं होतं.

"अरे, पेटीत हवा कोंडून ठेवा लागते. गाडीत पाणी कोंडून काय लोणचं घालतं?" काकू म्हणाल्या. पण लगेच, "पर कान चांगला हाय तुहा. मले आयकू नसतं आलं."

चारही दरवाजांची भोकं मोकळी केली. छतावर जुन्या कॅरिअरचे दोन बोल्ट सैल निघाले. तिथं राखेत खरीच काळी रेघ आली. काकूंनी ट्यूब कापून वायसर केले आणि ते बसवायचं काम मला शिकवलं. मागच्या कोपऱ्यातून पडणारा एक थेंब मात्र शेवटपर्यंत सापडला नाही. त्याच्याखाली त्यांनी रिकामं डबडं बांधून दिलं.

तोपर्यंत ओला कोपरा मी फडक्यानं टिपून, सरस लावून दाबून ठेवला होता. काकूंनी कळण्याची भाकर (ज्वारीत उडीद दळून केलेली) आणि ठेचा पुढं केला. त्या म्हणाल्या, "वाजव आता एखादं." मी खरं काय ते सांगितलं. "त्यात काय लाजतं? मी हजार पंप दुरुस्त केले, फवारणी एक डाव बी नाई केली."

रात्री त्यांच्याच ओसरीवर झोपलो. सकाळी पुन्हा पाऊस. नांदुऱ्यापर्यंत मी दर दोन मैलांनी थांबून आत हात फिरवत होतो. कोरडं. शेगावजवळच्या गावात मंडळाच्या म्हाताऱ्या पेटीवाल्यांना ओल्या कोपऱ्याचं आधीच सांगून टाकलं. त्यांनी भाता ओढला, डोळे मिटून बराच वेळ वाजवलं आणि म्हणाले, "सर्दी नाई झाली हिले."

परत कराडला आलो तेव्हा मालकांनी दरवाजाखालची मोकळी भोकं बघितली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी नाव सांगितलं. आता कारखान्यात भोक दिसलं की मी आधी विचारतो, हे कशासाठी ठेवलंय.

ऐन फवारणीच्या दिवसांत, माणसं रांगेत बसवून, काकूंनी त्यांचा अख्खा दुपारचा वेळ माझ्यावर घातला. पुढच्या हंगामात मालकांकडून पंधरा दिवसांची सुट्टी मागणार आहे. तेव्हा मोताळ्याला जाऊन त्यांच्या शेजारी पाट मांडीन आणि रांग संपेपर्यंत वायसर बदलीन.